कोरड्या बादल्या

उजाडता उजाडता ती बादली घेऊन अनवाणीच दाराबाहेर आली. कडी वाजू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा रोखला होता. लेक उठली की सासूबाई उठणार, आणि मग चोरी उघडी.

पाऊस झोडपून गेला होता. फुटपाथची कड फोडून तिनं खणलेला खड्डा काल झोपताना काठोकाठ भरलेला होता. तळाला मोडलेल्या ओट्याच्या विटांचे तुकडे, वर वाळू, वाळूत कर्दळ. कोपऱ्यावरच्या गॅरेजचं तेलकट पाणी उताराखालच्या तळ्यात जाण्याआधी इथं मुरावं, एवढंच तिचं म्हणणं. त्याच तळ्यात लेक रोज हात बुचकळायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

पालिकेच्या मुकादमानं मात्र बजावलं होतं, "वहिनी, सकाळी पाणी दिसलं की बुजवणार. डासांचं पाळणाघर नको आपल्याला."

म्हणून बादली. तो यायच्या आत उपसून टाकायचं.

खड्ड्याच्या काठाशी कुणीतरी वाकलं होतं. डोक्याला टॉवेल, हातात नातीच्या आंघोळीची बादली.

"आई, तुम्ही?"

सासूबाई दचकल्या. "झाडांना पाणी घालायला आले."

"एवढा पाऊस पडून गेल्यावर?"

"आणि तू काय बादलीला फिरायला आणलंस?"

तिला हसू फुटलं. आठवडाभर ह्याच बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला 'सूनबाईंचा समुद्र' दाखवत होत्या.

"ते राहू दे. आधी आत बघ."

खड्ड्यात पाणी नव्हतंच. वाळू नुसती ओलसर, तिच्यावर तेलाचा काळा ओघळ, आणि न्हाऊन उभी असलेली कर्दळ.

"तुम्ही काढलंत?"

"मी आत्ता आले गं. मला वाटलं, तूच."

तेवढ्यात मुकादम वाळूची हातगाडी ढकलत आला. त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, मग दोन्ही बादल्यांकडे.

"अस्सं! सासू-सुनेनं मिळून उपसलंत होय?"

सासूबाईंनी शांतपणे आपली बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली. तो डोळे मिटून आक्रसला. एक थेंब पडला नाही.

"आता हिची बघायचीय?"

"नको, मावशी." त्यानं कोरड्या केसांवरून हात फिरवला आणि तोही हसायला लागला. "पण ही वाळू आता एवढ्या चढावर परत ढकलत नेऊ का?"

"परत कशाला? गॅरेजसमोर ओत." सासूबाईंनी गाडीवरचं फावडं उचललं. "मी तिथं दुसरा खणायला घेते. सूनबाई, तू विटा बघ."