मागच्या झाडावर

“ती पिशवी वाजवू नकोस. हलू नकोस. बोलू तर मुळीच नकोस,” कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता विद्याधररावांनी बायकोला दटावलं. मराठी न कळणाऱ्या ड्रायव्हरलाही तो सूर कळला. शालनताईंनी चिवड्याची पिशवी मांडीखाली सरकवली.

केनियाच्या त्या माळावर सहलीची ही शेवटची फेरी होती. सिंह झाले, हत्ती झाले. बिबट्या तेवढा हुलकावणी देत होता. दोघे पुरुष समोरच्या झुडपांवर नजर रोखून बसले होते. कंटाळून शालनताईंनी मागे वळून पाहिलं.

मागच्या बाभळीच्या आडव्या फांदीवर बिबट्या पहुडला होता. शेपूट खाली लोंबत होतं. त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि मिटलं. मग जीप सुटेपर्यंत बिबट्याला डोळे भरून पाहून घेतलं.

विमानतळाच्या वाटेवर विद्याधरराव फणफणत होते. “एवढी हातभर लेन्स आणली, पण बिबट्या नाही म्हणजे नाही.”

“होता की, आपल्या मागच्याच झाडावर,” पिशवीची गाठ सोडत शालनताई म्हणाल्या. “बोलू नकोस म्हणाला होतात ना.”

मग त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला आणि कुरूमकुरूम आवाज करत सावकाश चावला.