लग्नघरी शिकलेलं यंत्र

नव्या यंत्राच्या मंजुरीची बैठक प्रयोगशाळेतच जेवता जेवता चालली होती. उपमंत्री ओराझबाय यांच्या घशात घोड्याच्या मांसाचा तुकडा अडकला, त्यांनी घरघरत काहीतरी म्हटलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘यजमानांना उदंड आयुष्य लाभो!’

टाळ्या पडल्या. शुभेच्छा दिल्यावर बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे प्याले घेऊन उठले.

यंत्र अल्माटीच्या याच प्रयोगशाळेचं. आवाजाच्या लहरींचं गणित मांडायचं, आवाज फाटला की पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा आणि बोलणं लिहून काढायचं, हे त्याचं काम. सोमवारपासून ते रुग्णवाहिकेच्या फोनवर बसणार होतं. पण अंदाज यायला आधी ढीगभर बोलणं ऐकावं लागतं. संचालक तुर्सिनबेक यांनी ते फुकटात मिळवलं होतं, सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नांच्या व्हिडिओंतून. कझाख लग्नात घासागणिक कोणी ना कोणी शुभेच्छा द्यायला उभा राहतो, त्यामुळे बोलण्याला तोटा नव्हता.

“आगाय, याला रडणं-ओरडणं ठाऊकच नाही हो,” गणित मांडणारी झानार संचालकांना आदरानं ‘आगाय’ म्हणत कधीपासून सांगत होती. “आवाज कळला नाही की लग्नातलं काहीतरी ठोकून देतं. माणसं मरतील.”

“आपली माणसं मरतानाही आशीर्वादच देतात, पोरी,” संचालक हसले होते. “तू तुझे आकडे बघ.”

आता मात्र त्यांचं हसू पळालं. उपमंत्री निळे पडत होते. “डॉक्टर! अरे, डॉक्टर बोलवा कुणीतरी!” संचालक किंचाळले. पडद्यावर आलं, ‘आता वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत.’ सगळे अदबीनं गप्प झाले.

झानारनं पडद्याकडे पाहिलंच नाही. धावत जाऊन तिनं उपमंत्र्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत सणसणीत तडाखे हाणले. तुकडा संचालकांच्या ताटात जाऊन पडला.

“भंगारात घाला हे धूड!” बसलेल्या आवाजात उपमंत्री गरजले. “आणि या तुर्सिनबेकचं तोंड पुन्हा दाखवू नका मला!” दार आपटून ते चालते झाले. झानारला इतकं हायसं वाटलं, की तिनं उरलेलं जेवण पोटभर जेवून घेतलं.

सोमवारी सकाळी यंत्र रुग्णवाहिकेच्या फोनवर बसलेलं होतं.

“आगाय, साहेब सगळ्यांदेखत नाही म्हणाले ना!”

“तोंडच्या बोलण्याला कोण विचारतंय?” संचालकांनी कागद पुढे सरकवला. “बैठकीचं इतिवृत्त वाच. यंत्रानंच लिहिलंय, एक शब्द मी बदललेला नाही.”

झानारनं वाचलं. ‘या शुभकार्याला माझे मनापासून आशीर्वाद. तुर्सिनबेकसारखा सोयरा घरोघरी लाभो.’

खाली, गठ्ठ्यातल्या इतर कागदांसारखीच न वाचता केलेली, उपमंत्र्यांची सही होती.