अर्धा सूर खाली

तालमीत तिसऱ्यांदा शार्दूलचा आवाज त्याच उंच सुरावर फाटला. संध्याकाळी बँडचा पहिला मोठा महोत्सव होता आणि आयोजकांनी कौतुकानं आणलेला पियानो पुऱ्या सुरात लावलेला होता.

कोल्हापुरातल्या घरचा म्हातारा पियानो अर्धा सूर खालीच असायचा. जास्त ताणला की तारा तुटायच्या. बारा वर्षं शार्दूलनं गाणी त्याच्यावर रचली आणि बाकीच्यांनी गिटारी मुकाट्यानं तेवढ्याच खाली लावल्या. उंच आवाजाचं कौतुक मात्र शार्दूलनं एकट्यानंच करून घेतलं.

“सगळं अर्धा सूर खाली वाजव की,” गिटारवाला इंद्रजित म्हणाला.

“बोटांना सवय नाही.”

“तर भावा, त्याला हातच लावू नको. आम्ही गिटारी खाली लावतो, तू उभा राहून गा.”

“पियानोशिवाय मी कोण?”

“कळेल की.”

कार्यक्रमात रिकाम्या हातांचं काय करावं सुचेना, म्हणून त्यानं माइक घट्ट धरला. आवाज फाटला नाही. लोकांनी तेच गाणं पुन्हा मागितलं.

आयोजक धावत आले. “पुढच्या वर्षीही या! पियानो तेवढा नको हं, फार जागा खातो.”

इंद्रजितनं दुसरीकडे पाहिलं. शार्दूलनं तारीख विचारली.