रफू

ट्रकड्रायव्हर जमालला गोळी घालणारा फौजदार निर्दोष सुटला आणि आज पोलीस ठाण्यात रुजूही झाला. पनवेल बंद करून मोर्चा ठाण्यासमोर थांबला. युनियनचा कमळाकर जमालच्या आईला म्हणाला, "चाची, कोर्टाने परत दिलेला शर्ट दाखवा. फौजदार म्हणतो, जमाल अंगावर धावून आला. मग भोक पाठीवर कसं?" चाचीने मान खाली घातली. "मी बुजवलं रे. शर्ट हातात आला, आणि सुई कधी उचलली कळलंच नाय." तीस वर्षांचा रफूचा हात होता, भोक आता तिलाही सापडत नव्हतं. "तरी दाखवा." तिने शर्ट उन्हात वर धरला. पाठीतून वाटाण्याएवढा गोल कवडसा निघाला आणि दारातल्या फौजदाराच्या छातीवर पडला. घोषणा थांबल्या. फौजदाराने तो दोनदा हाताने झटकला. घाबरून चाचीने शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. कवडसा तिथेच राहिला.