आठव्या बॅरनचं माप

किलब्रासलचे सातवे बॅरन निपुत्रिक वारले आणि कॅनडाहून कुणी दूरचा पुतण्या आठवा बॅरन म्हणून हवेलीत येऊन राहिला. गावात पिढीजात बूट शिवणाऱ्या मॅलकीला तो तोतया वाटत होता.

"नाव कुणीही सांगेल, पण घराण्याचा पाय कुठून आणेल? येऊ दे मापाला," तो बायकोला म्हणाला.

"तू काय पोलीस लागून गेलास? बूट शिव नि गप्प बस," ऊना म्हणाली.

बॅरन आला. मॅलकीने त्याचा डावा मोजा उतरवला. पायाला करंगळी नव्हती.

सातव्यांनाही नव्हती. शिकारीत घोड्याखाली गेली, असं गाव सांगे. त्यांचं माप मॅलकीच्या वडिलांनी घेतलं होतं आणि त्याच आठवड्यात वडील नदीत बुडाले. तेव्हापासून मॅलकी वडिलांनी घडवलेल्या, पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावरच सातव्यांचे बूट शिवत आला होता.

तो फर्मा त्याने या पायाशी धरला. सुताचाही फरक नव्हता.

"करंगळी कशी गेली, लॉर्डसाहेब?"

"घोड्याखाली."

मॅलकी उठला. वरच्या फळीवर पाचव्या आणि सहाव्या बॅरनचे फर्मे होते, आजोबांच्या हातचे. त्याने बाहीने धूळ पुसली. दोन्ही डाव्या फर्म्यांची करंगळीची बाजू तासलेली होती.

मागे खुर्ची करकरली. तरुण बॅरन मोजा चढवत होता.

"तुझ्या आजोबांनी दोनदा माप घेतलं, पण कधी काही विचारलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "वडिलांनी विचारलं होतं."