तुकड्यांचा डबा

काट्यावर एकसष्ट किलो चारशे ग्रॅम आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कम्मानं भाकरी थापायचं थांबवलं नाही.

काटा ज्वारीची पोती मोजायचा होता. दर सोमवारी पोती उतरवून झाली की सिद्धेश्वरी त्यावर उभी राहायची आणि चंद्रव्वा आकडा खडूनं भिंतीवर लिहायची. पहिला आकडा जानेवारीतला, गड्ड्याची जत्रा उरकल्यानंतरचा. शहाण्णव. त्याच्या शेजारी अक्कम्माचा एक आकडा होता, ब्याण्णव. दोघींनी एकाच दिवशी कीटो सुरू केलं होतं. भाकरी बंद, भात बंद, गूळ बंद. पनीर, लोणी, खोबरं आणि पालेभाजी. नवव्या दिवशी अक्कम्मा ताटात भाकरी घेऊन बसली. तिच्या ब्याण्णवखाली पुढं काही लिहिलं गेलं नाही.

"थापणारीच भाकरी खाईना म्हणल्यावर गिऱ्हाइकानं काय खायाचं?" असं ती तेव्हा म्हणाली होती. बायका पोट धरून हसल्या होत्या. आता या वाक्याला कुणी हसत नव्हतं.

कडक भाकऱ्या करून विकणारा हा गट अक्कम्माचा. तिचा नवरा तिप्पण्णा सहा वर्षांपूर्वी गेला. रक्तात साखर वाढल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर तिनं पुढच्या खोलीत दोन चुली मांडल्या आणि गल्लीतल्या पाच बायका जमवल्या; सिद्धेश्वरी आणि चंद्रव्वा त्यांतल्याच. पुण्याच्या प्रदर्शनात दरवर्षी स्टॉलवर तीच बसायची. गेल्या आठवड्यात चंद्रव्वा म्हणाली, "औंदा सिद्धूला धाडू की. आपली भाकरी खाऊन अशी झाली म्हणून सांगायचं. पुण्याची माणसं रांग लावतील."

खाऊन नव्हे, सोडून, हे अक्कम्माच्या ओठांवर आलं होतं. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ठरून गेलं.

सिद्धेश्वरीनं ब्लाउज तिसऱ्यांदा आत घेतले होते. बाजारात बायका तिला थांबवून काय खातेस ते विचारायच्या. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती आणि अक्कम्माला ती एखाद्या दागिन्यासारखी दिसायची. पाण्याची बाटली सतत तिच्या हातात असायची. "डाएटला पाणी लई लागतंय," ती सांगायची. अक्कम्मानंही महिनाभर बाटली जवळ ठेवून पाहिली. तिचं काही उतरलं नाही.

मग तिचं तुकड्यांच्या डब्याकडे लक्ष गेलं. चुलीशी उभ्या करून वाळवलेल्या भाकरीतल्या काही मोडतातच. ते तुकडे पाकिटात जात नाहीत, पत्र्याच्या डब्यात पडतात. पूर्वी तो दोन दिवसांत भरायचा आणि कुणीतरी गाईला घालायचं. हल्ली तो भरतच नव्हता.

शनिवारी दुपारी सगळ्या जेवायला घरी गेल्या. अक्कम्माही निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली.

पोत्यांमागे सिद्धेश्वरी डबा मांडीवर घेऊन बसली होती. पुढ्यात शेंगाचटणी, तेल आणि गुळाचा खडा. ती घाईघाईनं खात होती. अक्कम्माला पाहून तिचा हात थांबला.

"कवापासनं?"

"पाडव्यापासनं." सिद्धेश्वरीनं तोंडातला घास गिळला. "त्या दिवशी पोळी खाल्ली. सोमवारी भीतभीत चढले, तर आकडा खालीच. मग खातच गेले. भूकच लई लागती, अक्का. खाल्लं तरी उतरतंयच की." तिनं डब्याला झाकण लावलं. "कुणाला सांगू नका. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवतंय."

अक्कम्मा तशीच मागं फिरली. रविवारी सुट्टी असूनही तिनं पुण्याला न्यायची पेटी माळ्यावरून काढली, पुसली आणि आपल्यालाच जायचं असल्यागत दाराशी ठेवली. पुसताना ती एकच वाक्य घोळवत होती. ही पाडव्यापासनं सगळं खाती. ते सगळ्यांसमोर म्हणायचं, आकडा आल्यावर, टाळ्या सुरू व्हायच्या आत.

सोमवारी ती जानेवारीनंतर पहिल्यांदाच काट्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अक्का आज भाकरी सोडून आल्या," चंद्रव्वा म्हणाली. "तुमीबी चढताय काय?"

सिद्धेश्वरी चढली. तिनं अक्कम्माकडे बघायचं टाळलं. आकडा स्थिर झाला. एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम.

टाळ्या वाजल्या. अक्कम्माचं वाक्य तसंच राहिलं. शनिवारी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी अर्धा डबा रिकामा झालेला पाहिला होता. तिनं भिंतीकडे पाहिलं. पाडव्यानंतरच्या सोमवारसमोर शहाऐंशी लिहिलं होतं. तिथून एकही आकडा वर गेलेला नव्हता.

सिद्धेश्वरी काट्यावरून उतरली आणि भिंतीला हात लावून थांबली. मग तिनं बाटली तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत.

"ही पाडव्यापासनं सगळं खाती," अक्कम्मा म्हणाली. वाक्य पाठ केलं होतं तसंच्या तसं आलं. आवाज मात्र कापत होता.

सिद्धेश्वरीनं मान खाली घातली. मग चंद्रव्वाला हसू फुटलं.

"भाकरीबी खाती आणि वजनबी उतरतंय? मग लई नशीबवान हाय की गं तू."

बाकीच्याही हसल्या. अक्कम्मानं सिद्धेश्वरीचं मनगट धरलं. तिची बोटं त्याभोवती पुरून उरली.

"रिक्षा बोलवा," ती म्हणाली. "आमचं मालकबी असंच नशीबवान होतं."