आठशे चाळीस

नारीनच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या नूरझातने बुरुलआपाचा गच्च भरलेला फोन उघडला. मॉस्कोत टॅक्सी चालवणाऱ्या लेकाला आपा रोज कसले ना कसले फोटो पाठवायची: नवं शिंगरू, वाळत घातलेले कुरुताचे, म्हणजे खारवलेल्या दह्याचे गोळे, दारातला बर्फ.

"आपा, तुम्ही पाठवलेलं बारा जीबी आहे. त्याच्याकडून आलेलं आठशे चाळीस केबी."

आपाचा चेहरा उजळला. "बघ पोरी, आणि शेजारणी म्हणतात, लेक विसरला. माझे नुसते बारा, त्याचे आठशे चाळीस. नको तेवढं पाठवतंय कार्टं. त्याच्यातलंच थोडं पूस, म्हणजे जागा होईल."

"बरं आपा," म्हणत नूरझातने गुपचूप आपाचंच शिंगरू पुसलं.



लेकाचं सगळंच्या सगळं पुसलं असतं, तरी त्या एका फोटोएवढी जागा झाली नसती.